आधी मूल वाचेल, मग सही होईल

जुलै महिन्यात बहिणीचा फोन आला. ती गावी असते. तिचा थोरला मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. मीही त्याच शाळेत शिकलो, त्याच वर्गात, बहुतेक त्याच फळ्यासमोर.

"भाईजान, शाळेतनं वही आलीय सहीला. चार ठिकाणी सही करा म्हणतात. करू का?"

मी म्हटलं, आधी फोटो पाठव. फोटो आला. शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग बुक होतं. मार्च, एप्रिल, जून, जुलै. चार महिन्यांच्या चार बैठका, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेल्या. चारही पानांवर तेच विषय: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेचा आढावा घेणे, आयत्या वेळचे विषय. आणि चारही पानांवर तेच वाक्य: "गुणवत्तेचा आढावा घेण्यात आला. सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केले."

माझी बहीण या समितीची सदस्य आहे हे तिलाच त्या दिवशी नीट कळलं. दीड वर्षापूर्वी कोणीतरी घरी येऊन "तुमचं नाव घालतो" म्हणालं होतं आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेलं होतं. तिला वाटलं होतं पोषण आहाराचं काहीतरी असेल. आता कागदावर ती चार वेळा समाधान व्यक्त करून बसली होती.

मी तिला म्हटलं, सही राहू दे, पोराला व्हिडिओ कॉलवर बसव आणि दुसरीचं पुस्तक त्याच्या हातात दे. भाचा खुशीत आला, पुस्तक उघडलं आणि धडाधड गोष्ट सांगायला लागला. मला क्षणभर बरं वाटलं. मग बहिणीनं कॅमेरा पुस्तकावर धरला. पोराचं बोट चौथ्या ओळीवर होतं आणि तोंड सहाव्या. त्याला ती गोष्ट पाठ होती. वर्गात ऐकून ऐकून, चित्रं बघून. मी त्याला मधलीच एक ओळ वाचायला सांगितली, तर 'प्रश्न' या शब्दापाशी तो थांबला, मग माझ्याकडे बघून हसला. मामूनं पकडलं म्हणून हसला. त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो, कारण त्या पोराला आपण वाचत नाही हे माहीत आहे आणि मोठ्या माणसांना ते कळत नाही हेही माहीत आहे.

त्या रात्री मी जे केलं ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलं असतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलीमोठी पोस्ट टाकली. शिक्षकांचे पगार, आमच्या मुलांचं भवितव्य, वगैरे. अंगठे आले, ज्वाळा आल्या. कौमबद्दल तळमळ असलेला इंजिनिअर पोरगा म्हणून दोघा-तिघांनी दुआ दिल्या.

सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. मला वाटलं भांडतील. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे. पण आमच्या बैठकीला पाच माणसं बोलवायला मला दहा घरं फिरावी लागतात आणि येतात दोन. तुम्ही शेवटचे शाळेत कधी आला होतात?"

सोळा वर्षांपूर्वी. दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला.

हा लेख त्या मुख्याध्यापकांविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. चार वर्गांना दोन शिक्षक. त्यातल्या एकाकडे मतदार यादीचं काम. वर ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, आधारची जुळवाजुळव. त्यांनी प्रोसिडिंग बनावट लिहिलं ते चूकच, आणि ते मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. पण बनावट प्रोसिडिंग लिहायला दोन बाजू लागतात. एक लिहिणारी आणि एक न वाचता सही करणारी. दुसरी बाजू आपण आहोत, आणि माझं भांडण त्या बाजूशी आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात बघू, कारण आपल्यातले बरेच जण शिक्षण हक्क कायदा म्हणजे खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा एवढंच समजतात. २००९ च्या या कायद्याचं कलम २१ म्हणतं की शाळेत व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. या समितीनं शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायची, शाळा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कसा खर्च झाला ते बघायचं. महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यायची आणि तिचं इतिवृत्त लोकांना बघायला खुलं ठेवायचं, असं केंद्राच्या २०१० च्या नियमांत लिहिलं आहे. कलम २४ शिक्षकाला सांगतं की पालकांच्या नियमित बैठका घे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांग. म्हणजे माझ्या बहिणीला तिचा मुलगा वाचतो की नाही हे सांगणं हा कोणाचा मोठेपणा नाही, ते शिक्षकाचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे.

देशात क्वचितच कुठे अशी सोय असेल की शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला सरकारी संस्थेवर देखरेख करायचा अधिकार थेट कायद्यानं दिला आहे. वक्फ बोर्डात आपल्याला कोण विचारतं? मशिदीच्या ट्रस्टमध्ये बायकांना कोण विचारतं? इथे विचारायलाच हवं असा कायदा आहे, आणि आपण त्या जागी झेरॉक्स देऊन मोकळे झालो.

शाळेचं स्वतःचं मूल्यमापन म्हणून आणखी एक प्रकार आहे, शाळासिद्धी. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेनं तो आराखडा तयार केला. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येक मानकाला तीन पातळ्या. वाचायला घेतला तर आराखडा वाईट नाही. साधनांपासून अध्यापनापर्यंत, सुरक्षिततेपर्यंत सगळं आहे, आणि सातवं क्षेत्र खास समाजाच्या सहभागाचं आहे. मी मुख्याध्यापकांना विचारलं, आपल्या शाळेचा हा तक्ता कोणी भरला होता? ते म्हणाले, मीच, एका संध्याकाळी, नेट मिळालं तेव्हा. समाजाचा सहभाग हा रकानासुद्धा? हो, तोही. समाजाचा सहभाग किती आहे हे समाजाला न विचारता ठरलं.

माझ्या धंद्यात हे रोज बघतो. आमच्याकडे भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर सगळे दिवे हिरवे असतात आणि त्याच वेळी ग्राहक फोनवर ओरडत असतो की पान उघडत नाही. दिवा खोटं बोलत नसतो. आपण त्याला जे मोजायला सांगितलं तेच तो दाखवतो. शाळेत आपण बैठक झाली का हे मोजतो, सही झाली का हे मोजतो. मूल वाचतं का हे त्या वहीत कुठेच नाही. अशा वेळी आमच्याकडे एक जुना माणूस असतो जो म्हणतो, पडदा सोडा, तुम्ही स्वतः ते पान उघडून बघा. शाळेच्या बाबतीत पान उघडून बघणं म्हणजे मुलाला समोर बसवून वाचायला लावणं. याहून अवघड काही नाही.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून हेच करते. मुलाच्या घरी जायचं, एक कागद पुढे करायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला काही मिनिटं लागतात. त्याच्याही कितीतरी आधी, १८५० च्या दशकात, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांतल्या मुलींच्या परीक्षा जाहीरपणे, जमलेल्या लोकांसमोर व्हायच्या. ज्या काळात मुलीच्या हातात पाटी दिसली तर गाव खवळायचं, त्या काळात त्यांनी शाळेचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. आज आपल्या शाळेचा हिशेब कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही बैठक घेतली. घेतली म्हणजे बहिणीनं घेतली, मी फक्त एसटीनं गेलो. तिनं दोन गोष्टी केल्या ज्या मला सुचल्या नसत्या. पहिली, वेळ बदलली. आजवर बैठक सकाळी अकराला असायची. अकराला आमच्या वस्तीतल्या आणि मातंग वस्तीतल्या बायका खुरपणीला गेलेल्या असतात. बैठकीला यायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडवायचा. तिनं मुख्याध्यापकांना विनंती करून बैठक संध्याकाळी ठेवली, असरनंतर, दिवे लागायच्या आत. दुसरी, तिनं निरोप असा दिला नाही की गुणवत्तेचा आढावा आहे. तिनं सांगितलं, "तुमचं पोरगं वाचून दाखवणार आहे, या."

छत्तीस मुलांच्या शाळेत एकतीस घरांतून माणसं आली. शाळेच्या पडवीत सतरंजी. आमचे सलीम, जावेद यांच्या अम्म्या बुरखा सावरत एका बाजूला, शेजारी धनगर वाड्यावरच्या दोन आज्या, मागे पुरुष. सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं नाही, हा आग्रह दुसरीच्या बाईंचा होता, आणि तो योग्य होता. पोरं लाजतात, आणि ज्याला येत नाही त्याची शोभा होते. म्हणून प्रत्येक मुलानं आपापल्या आईजवळ बसून वाचायचं ठरलं. पाऊण तास पडवीत नुसता गलका. मग बाईंनी फळ्यावर चार रकाने केले आणि नावं न घालता फक्त रेघा ओढल्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिसरी-चौथीच्या सतरा मुलांपैकी गोष्टीपर्यंत सहा पोचली.

फळ्याकडे बघत सगळे गप्प होते. मग एक बाई, जिला स्वतःला वाचता येत नाही, म्हणाली, "माझं पोरगं अडखळतंय हे मला कळतंय की. गाणं चुकलं तर गाता न येणाऱ्यालाबी कळतं."

"आपल्या बायका अडाणी, त्या काय शाळा तपासणार" असं म्हणणाऱ्या आपल्या शिकलेल्या बांधवांना हे वाक्य मी भेट देतो. हे म्हणणारे बहुतेक वेळा पदवीधर असतात, शहरात राहतात आणि त्यांची स्वतःची मुलं ज्या शाळेत जातात तिथल्या पालक सभेत ते पार्किंगबद्दल बोलून परत येतात. मी त्यातलाच एक होतो.

त्या बैठकीत भांडणंही झाली. एकानं आवाज चढवला की पगार कशाचा घेता. मुख्याध्यापक उठून जायला निघाले होते. बहीण म्हणाली, "गुरुजी, बसा. दोन शिक्षकांत चार वर्ग कसे चालतात ते तुम्ही आम्हाला आज सांगितलंच पाहिजे, नाहीतर आम्ही तुम्हालाच धरणार." मग त्यांनी सांगितलं. कोणत्या दिवशी कोण कुठल्या कामाला बाहेर असतं, महिन्यातले प्रत्यक्ष शिकवायचे दिवस किती उरतात. पालकांना हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिसऱ्या शिक्षकासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं गेलं आणि त्याखाली सव्वीस सह्या आणि पाच अंगठे आले. या सह्या वाचून, ऐकून झालेल्या होत्या. जुलैचं पान मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत रद्द करून त्यावर खरी हकीकत लिहिली: बैठक झाली नाही. याला धैर्य लागतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आज आदर आहे.

आता जरा घरात बघू.

तालुक्याच्या गावात आपल्या लोकांच्या संस्थेची इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा आहे. आमच्या वस्तीतली नऊ मुलं रिक्षानं तिथे जातात. त्यांचे आईबाप ऐपतीबाहेर फी भरतात, कारण "आपली" शाळा आहे, दीनही शिकवतात आणि इंग्रजीही. मी तिथल्या एका विश्वस्ताला भेटलो. नात्यातले आहेत, चाचा म्हणतो मी त्यांना. म्हटलं चाचा, गावात असं असं केलं, इथेही एकदा पालकांना बोलवून मुलांचं वाचन ऐकवू, आणि सोबत फीचा जमाखर्च मांडू. चाचा म्हणाले, "बेटा, आपली मायनॉरिटी संस्था आहे. आपल्याला ते लागू होत नाही."

ते खरं बोलले. कलम २१ ची समिती विनाअनुदानित खासगी शाळांना लागूच नाही. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत ती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त सल्ला देऊ शकते. आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण हक्क कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठानं करावा असं मत दिलं, पण तो न्यायालयाचा विषय. घटनेच्या ३० व्या कलमाचा हक्क मला हवा आहे. सरकार उद्या उठून आमच्या संस्थेत काय शिकवायचं हे ठरवू लागलं तर मी चाचांच्या बाजूला उभा राहीन.

पण ३० वं कलम सरकारपासून संरक्षण देतं. रिक्षाचं भाडं आणि फी भरणाऱ्या आईपासून संरक्षण कशासाठी हवं आहे? लागू नाही म्हणजे मनाई आहे असं नाही. कायद्यानं सक्ती केली नाही तर आपण हिशेब देणार नाही, हे आपण कधीपासून ठरवलं? उठता बसता मिंबरावरून अमानत, मशवरा हे शब्द ऐकत आपण वाढलो. शाळेतलं मूल अमानत नाही, तर काय आहे? जिल्हा परिषदेच्या गुरुजींना पगार काय घेता विचारणारी आपली जीभ विश्वस्तांसमोर टाळूला चिकटते, कारण तिथे ओळख आहे, नातं आहे, पुढे सोयरीक आहे.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून आपल्या प्रत्येक सभेत तो उद्धृत होतो. सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा गळाली होती, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कमी जणांना आठवते: मदरशात शिकणारी मुलं जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे आपली बहुतेक मुलं सगळ्यांसारखीच साध्या शाळांत आहेत. त्यांचं बरंवाईट तिथल्या पडवीत ठरतं. आपण मात्र वीस वर्षं आयोग मागतो, समित्या मागतो, अहवाल मागतो, आणि जी समिती कायद्यानं आपल्या दारात आणून ठेवली तिची वही न वाचता परत पाठवतो.

एक शब्दाबद्दलही बोलायचं आहे. आपल्या बोलण्यात "समाज" म्हटलं की आपले लोक. "समाजासाठी काम करतो" म्हणजे मुसलमानांसाठी. शाळेच्या वहीत "समाजाचा सहभाग" असं येतं तेव्हा त्यात धनगर वाड्यावरची आजी आहे, मातंग वस्ती आहे, पाटलांचा नातूही आहे, अजून तो या शाळेत आहे म्हणून. त्या संध्याकाळी फळ्यावरच्या रेघांना नाव नव्हतं, त्यामुळे कोणाची मुलं किती मागे हे कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. अडकलेली अकरा मुलं सगळ्या वस्त्यांमधली होती. तिसऱ्या शिक्षकाच्या पत्रावर सगळ्यांचे अंगठे शेजारी शेजारी आहेत. गावात एकोप्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात, ईदचा शीरखुर्मा, दिवाळीचा फराळ, ते व्हावेत. पण एकत्र भांडायला एक समान गोष्ट मिळाली की काय होतं, ते मी त्या पडवीत पाहिलं.

याला घाईचं कारणही आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करायच्या हालचाली २०२३ मध्ये सरकारनं सुरू केल्या होत्या. आमच्या शाळेचा पट आज छत्तीस. तालुक्याला रिक्षानं जाणारी मुलं दरवर्षी दोन-तीननं वाढतात. हिशेब सोपा आहे. शाळा गेली की रिक्षाचे पैसे नसणाऱ्यांची मुलं, आणि त्यातही मुली, आधी घरी बसतील. इंग्रजी शाळेत पाठवणाऱ्याला मी दोष देत नाही. पण त्या मुलांपैकी दोघांना मी त्याच आठवड्यात घरी वाचायला लावलं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. एकाला एकही येत नव्हती. फी भरल्याची पावती त्याच्या अब्बांनी जपून ठेवली आहे.

पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, असरनंतर, त्याच पडवीत. तिसरा शिक्षक अजून आलेला नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. भाचा परिच्छेदापर्यंत आला आहे, 'प्रश्न' आता वाचतो, 'स्वातंत्र्य'पाशी अडतो. चाचांकडे मी पुन्हा गेलो होतो, ते म्हणाले विश्वस्तांच्या बैठकीत विषय ठेवतो. कधी, ते सांगितलं नाही. तिथे फी भरणारे नऊ आईबाप आहेत, त्यांतल्या चौघांनी सोबत यायचं कबूल केलं आहे. आम्ही रविवारी जाणार आहोत.